बोटभर पाणी

व्हॅनच्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीवर काळ्या मार्करने रेघ ओढली, त्या दिवसाची नोंद वहीत आहे. ‘सकाळी, इंजिन थंड, पाणी रेघेला.’ पुढच्या रविवारी लिहिलंय, ‘बोटभर खाली.’ त्याच्या पुढच्या रविवारी, ‘पुन्हा बोटभर. भरलं.’ अशा सात नोंदी झाल्यावर आठव्या वेळी मी नुसतंच ‘बो.’ लिहून ठेवलंय. इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

गाडी वीस वर्षांपुढची. पेट्रोल, चार सिलेंडर, ब्लॉक, म्हणजे सिलेंडर असलेला खालचा भाग, बिडाचा आणि त्यावर झाकणासारखं बसणारं हेड अॅल्युमिनियमचं. इंजिन पुढच्या सीटच्या खाली. म्हणजे बाकीच्या गाड्यांत बॉनेट उघडून जे दिसतं, ते पाहायला इथे आधी सीटवरचं सगळं सामान मागे टाकायचं, दोन खिट्ट्या काढायच्या, सीट उलटी करायची आणि मग त्या चौकोनी खड्ड्यात डोकं घालायचं. त्यातूनही इंजिनाचा अर्धाच भाग दिसतो. उरलेल्या अर्ध्यासाठी गाडीखाली आडवं व्हावं लागतं. रेडिएटर पुढे नाकापाशी, हीटर डॅशबोर्डात, आणि या तिघांना जोडणारे रबरी होज आणि लोखंडी पाइप जमिनीच्या पत्र्याखालून धावतात. छोट्या मोटारीत जे पाणी हातभर फिरतं, ते व्हॅनमध्ये वावभर फिरतं, आणि जितके सांधे जास्त तितक्या गळायच्या जागा जास्त. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीही पाणी कमी होतंय म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो ‘हेड गॅस्केट’.

तो शब्द लोक उच्चारतातच मुळी आवाज खाली आणून. ‘हेड गॅस्केट तर नाही ना गेलं?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दवाखान्याबाहेरच्या बाकावरची काळजी असते. त्याचं कारण गॅस्केटची स्वतःची किंमत नव्हे. तो एक पातळ पत्रा. पण त्याच्यापर्यंत पोचायला अर्धं इंजिन सोडवावं लागतं आणि सोडवल्यावर काय काय निघेल याचा भरवसा नसतो.

खरं तर त्या पत्र्याची दया यावी असं त्याचं काम आहे. खाली ब्लॉक, वर हेड, मध्ये हा. याला एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवायच्या असतात : सिलेंडरमधला जाळ, त्याच्या भोवती फिरणारं पाणी आणि वर चढणारं ऑइल. पाण्याचा दाब जेमतेम 1 बार, म्हणजे साधारण भोवतालच्या हवेच्या दाबाइतका जादा, तोही बाटलीचं झाकण धरून ठेवतं म्हणून. जाळाचा दाब पेट्रोल इंजिनात पूर्ण लोडवर 50 बारच्या घरात जातो, तोही सेकंदाला कित्येक वेळा. या दोघांत काही ठिकाणी अंतर असतं बोटाच्या नखाएवढं. शिवाय बीड आणि अॅल्युमिनियम गरम झाल्यावर सारखे पसरत नाहीत, अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट पसरतं. अर्धा मीटर लांबीचं हेड थंडीतून 80 अंश वर गेलं, तर ते स्वतः सुमारे 0.9 मिलिमीटर लांब होऊ पाहतं आणि खालचा ब्लॉक त्याच्या निम्माच. बोल्टांनी आवळलेलं असताना हा फरक कुठेतरी जिरवायचा असतो. तो या पत्र्याच्या अंगावर घासून जिरतो. गाडी सुरू केली की एकदा, बंद केली की एकदा. वीस वर्षं.

तर मी लक्षणं पाहायला बसले. ऐकीव लक्षणांची यादी सगळ्यांना पाठ असते. ऑइलच्या झाकणाखाली पांढुरकं लोणी दिसलं की पाणी ऑइलमध्ये गेलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला की पाणी जळतंय. गाडी सकाळी मिसिंग करते, एखादं सिलेंडर धड पेटत नाही, म्हणजे रात्रीत पाणी सिलेंडरमध्ये झिरपलं.

यातलं प्रत्येक खरं आहे आणि प्रत्येकाला एक निरुपद्रवी जुळा भाऊ आहे. माझ्या झाकणाखाली लोणी होतंच, थोडंसं, कडेला. पण मी महिनाभर गाडी दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांपलीकडे चालवली नव्हती. इंजिन नीट तापतच नाही, आतल्या हवेतला ओलावा झाकणाच्या थंड पत्र्यावर जमतो आणि ऑइलशी घुसळला जातो. खरी परीक्षा ऑइल मोजायच्या पट्टीवर. पट्टी बाहेर काढली तर ऑइल काळसर, स्वच्छ, चकाकतं. पट्टीवरचं ऑइल ताकासारखं झालं असतं, तर पुढचं काहीच लिहायची गरज नव्हती. धुराचंही तसंच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. पेट्रोलमधल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळतो, दुसरं काय होणार? थंड सायलेन्सरमधून सकाळी वाफ निघते ती बहुतेक वेळा हीच. गाडी तापल्यावरही ती ढगासारखी येत राहिली आणि तिला गुळमट वास आला, तर मात्र दचकावं. माझ्या गाडीची वाफ पाच मिनिटांत विरत होती. मिसिंग नव्हतं. चारही स्पार्क प्लग काढून ओळीने मांडले, चारही सारखेच तपकिरी. पाणी पिणाऱ्या सिलेंडरचा प्लग वाफेने धुतल्यासारखा पांढराशुभ्र निघतो, तसा एकही नव्हता.

म्हणजे गॅस्केट निर्दोष सुटलं, असं मी ठरवलं. ‘ठरवलं’ हा शब्द मुद्दाम वापरतेय.

आता बाहेरची गळती. हा भाग मला मनापासून आवडतो, कारण इथे हुशारीपेक्षा चिकाटी लागते. कूलंट गळतं तेव्हा त्याचा थेंब सापडेलच असं नाही. गरम इंजिनावर पडलं की पाणी उडून जातं आणि मागे रंग राहतो. माझं कूलंट गुलाबी, तेव्हा शोध गुलाबी पापुद्र्याचा. आधी वॉटर पंप. पंपाच्या पोटाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. नवशिक्याला वाटतं की हे बुजवायला हवं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी तिथून बाहेर यावं आणि मालकाला कळावं, एवढ्यासाठी. माझ्या पंपाचं भोक कोरडं. मग ब्लॉकच्या कुशीतल्या पत्र्याच्या गोल चकत्या. पाणी गोठलं तर त्या उडतात आणि ब्लॉक वाचतो, असा समज पक्का आहे. त्यांचा जन्म वेगळ्याच कारणाने झाला. ब्लॉक ओतताना आत वाळूचा गाभा धरून ठेवायला जी भोकं लागतात, ती नंतर या चकत्यांनी बंद करतात. आतून गंजून त्या टाचणीएवढ्या फुटतात आणि गळती महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. याही कोरड्या. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे अॅल्युमिनियमला चिमटून बसवलेली असते, ती कड कोरडी. डाव्या पायाखालचं कार्पेट उचललं, हाताने चाचपलं, हात नाकाशी नेला. हीटरची जाळी फुटली तर इथे ओल येते आणि काचेवर आतून चिकट धुकं धरतं. नाही.

एक थेंब मात्र सापडला, पुढच्या चाकाजवळ, आणि मी हरखले. दोन बोटांत चोळून पाहिला. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, ते असलेलं पाणी बोटांत निसरडं लागतं, वाळता वाळत नाही. हा थेंब साधा होता, चट्कन उडून गेला. एसीचं पाणी.

शेवटी दाबाचा पंप आणला. सायकलला हवा भरायच्या पंपासारखाच हातपंप, त्यावर दाब दाखवणारं घड्याळ, आणि बाटलीच्या तोंडावर बसणारं झाकण. इंजिन थंड असताना झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि काट्याकडे बघत बसायचं. इंजिन थंड असताना हे सांगायला नको, पण सांगते. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नसतं. 1 बार दाबाखाली पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात उकळून अंगावर येतं. माझ्या मनगटावर एक खूण आहे. ती या गाडीची नाही, पण धडा तोच.

पंप मारला. काटा 1 बारवर. पाच मिनिटांनी 0.9. पंधरा मिनिटांनी 0.8. कुठेतरी जात होतं. टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले, आणि हीटरकडे जाणाऱ्या होजच्या क्लिपपाशी, जिथे रबर लोखंडी पाइपवर चढतं, तिथे एक गुलाबी मणी फुगत होता. मी तो फुगताना पाहिला. फुगला, लांबला, पडला, आणि त्याच्या जागी लगेच दुसरा. शेजारी पाइपवर जुने वाळलेले ओघळ, एकावर एक, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे.

क्लिप बदलली, होजचं टोक कापून नव्या जागी बसवलं, पुन्हा दाब दिला. काटा अर्धा तास जागचा हलला नाही. वहीत लिहिलंय, ‘सापडलं!!’ दोन उद्गारचिन्हं.

पंधरा दिवस रेघ हलली नाही. सोळाव्या दिवशी लांबच्या चढावर, गाडी भरलेली, तिसरा गिअर, पायावर हीटरची ऊब, आणि ती ऊब एकाएकी गार झाली. ब्लोअर चालू, वारा येतोय, पण थंड. तापमानाचा काटा पाहिला तर तो खाली आलेला. चढावर काटा खाली? क्षणभर मला बरंच वाटलं. नंतर कुणीतरी पोटात हात घालून पिळावं तसं झालं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. त्याच्याभोवती पाणी उरलं नाही, वाफ किंवा हवा आली, तर तो गार पडतो आणि काटा खाली येतो. इंजिन भाजत असताना काटा शांतपणे ‘सगळं ठीक’ सांगतो. हीटरही तसाच. जाळी उंचावर, हवेचा फुगा तिथेच अडकतो, आणि पंपाला पाणी ढकलता येतं, हवा नाही.

गाडी बाजूला घेतली, बंद केली. सीट उलटी केली तर बाटलीच्या झाकणाखालून सूं आवाज येत होता आणि कडेने गुलाबी फेस. झाकण धरू शकत नव्हतं इतका दाब होता आत. नवं झाकण, बरोबर दाबाचं, मीच बसवलेलं.

रात्री काकांना फोन केला. काका म्हणजे नात्यातले कुणी नाहीत. आयुष्यभर इंजिनं उघडलेला, आता गुडघ्यांमुळे बसून बोलणारा माणूस. मी सगळं सांगितलं, क्लिपपासून चढापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही, ही वाईट खूण.

‘क्लिप बदललीस.’

‘हो काका. तिथूनच गळत होतं. डोळ्यांनी पाहिलं मी.’

‘अगं, गळत होतं ते पाहिलंस. का गळत होतं ते विचारलंस का तिला? वीस वर्षं धरून होती ना बिचारी?’

मी गप्प.

‘उद्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधी वरचा मोठा होज दाबून बघ. मग फोन कर.’

सकाळी सात वाजता, रात्रभर उभी असलेली गाडी, हाताला थंडगार इंजिन. होज दाबला. दबला नाही. लाकडासारखा टणक. तापलेलं इंजिन थंड झालं की पाणी आकसतं आणि दाब जातो, सकाळचा होज मऊच लागायला हवा. रात्रभरात जो दाब गेला नाही, तो तापलेल्या पाण्याचा नव्हताच मुळी. आत काहीतरी होतं जे थंड होऊनही आकसून नाहीसं झालं नव्हतं. वायू.

मग क्लिपचं कोडं उलटं सुटत गेलं. सिलेंडरमधला वायू पाण्यात शिरत होता, दाब वाढत होता, आणि सगळ्या सांध्यांत जो कमजोर तो मान टाकत होता. ती क्लिप. आठवड्याला बोटभर पाणी तिथून जात होतं आणि त्यासोबत जादा दाबही. मी क्लिप घट्ट केली आणि वायूला असलेली एकुलती एक खिडकी बंद केली. पंधरा दिवसांत गाडी चढावर फेसाळली ती माझ्या दुरुस्तीमुळे.

पण दाबाचा पंप खोटं का बोलला? काटा अर्धा तास हलला नव्हता. यावर मी बरेच दिवस अडले होते, आणि आता वाटतं की या सगळ्या प्रकरणातली समजून घेण्यासारखी गोष्ट हीच. गॅस्केटमधली फट केसाएवढी. एका बाजूला 50 बार, दुसऱ्या बाजूला 1. जाळाचा झटका फट क्षणभर उघडतो आणि वायू पाण्यात घुसतो. थंड इंजिनावर पाण्याच्या बाजूने 1 बार दाब दिला तर त्याला ती फट उघडता येत नाही. भिंत एकाच बाजूने गळते. म्हणून पाणी सिलेंडरमध्ये आलं नाही, म्हणून धूर नाही, मिसिंग नाही, प्लग तपकिरी, ऑइल स्वच्छ. मी जी जी लक्षणं तपासली, ती सगळी पाणी आत जाण्याची होती. माझ्या गाडीत वायू बाहेर येत होता. आणि तोही लोडवर. सपाट रस्त्यावर, रिकामी गाडी, आरामात चालवताना सिलेंडरमधला दाब इतका चढतच नाही.

काका दोन दिवसांनी स्वतः आले, रिक्षातून गुडघा सांभाळत उतरले. हातात एक काचेची नळी, वरती रबरी फुगा, आणि छोटी बाटली, तिच्यात निळं पाणी. हे ब्रोमोथायमॉल ब्लू. कार्बन डायऑक्साइड मिळाला की आम्ल होतं आणि निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं होतं. त्यांनी थोडं निळं पाणी वाटीत ओतलं आणि त्यात एक नळी घालून फुंकर मारत राहिले. हळूहळू हिरवं, मग पिवळट. ‘जिवंत आहे,’ म्हणाले. श्वासात जेमतेम 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, पेट्रोल इंजिनाच्या धुरात 12 टक्क्यांच्या वर. ते वाटीतलं फेकून दिलं आणि नळीत ताजं भरलं.

बाटलीतलं कूलंट आधी थोडं काढून घेतलं, कारण नळीने नुसती हवा ओढायला हवी. कूलंटचा थेंब आत गेला की चाचणी फुकट. इंजिन चालू करून तापवलं. नळी तोंडावर धरून काका फुगा दाबत सोडत राहिले. निळ्या पाण्यातून बुडबुडे वर येत होते. पहिलं मिनिट काहीच नाही. मी मनातल्या मनात देवाला काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही. काका म्हणाले, ‘अॅक्सिलरेटर दे थोडा. धरून ठेव.’ मी दिला. नळीच्या तळाशी, बुडबुडे जिथून शिरत होते तिथे, निळ्यात एक शेवाळी छटा आली. मला वाटलं उन्हाने दिसतंय. छटा वर चढली. मग नळीभर हिरवं, शेवाळ्यासारखं, आणि कडेला पिवळं. काकांनी इंजिन बंद करायला सांगितलं. नळी पुसली, फुगा काढला, सगळं पिशवीत ठेवलं आणि मगच माझ्याकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी गळती बंद करणाऱ्या औषधाच्या बाटलीचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. रेडिएटरमध्ये ओता, तापवा, आतली फट आपोआप भरून निघेल. अशा बऱ्याच बाटल्यांत सोडियम सिलिकेट असतं, गरम जागी ते काचेसारखं घट्ट होतं. अडचण एवढीच की त्याला फट कोणती आणि हीटरच्या जाळीची बारीक नळी कोणती हे कळत नाही. मरायला टेकलेल्या, भंगारात जायच्या गाडीला शेवटचा महिना काढून द्यायला ठीक. माझा जीव अजून त्या गाडीत होता.

कोणतं सिलेंडर, हे पाहायला कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलेंडर हवा किती दाबतं ते मोजलं. 11.8, 11.9, 11.2, 11.8 बार. तिसरं किंचित कमी, पण एवढ्यावर हेड उतरवावं असं कुणी म्हणणार नाही. शेजारशेजारची दोन सिलेंडरं एकदम पडली असती, तर त्यांच्या मधला गॅस्केटचा पूल जळाला हे उघड होतं. इथे तसं नव्हतं. मग दुसरा उपाय : पिस्टन सर्वांत वर, दोन्ही वॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सहा बारवर. हँडब्रेक विसरलात तर हवा पिस्टनला खाली ढकलते आणि पाना हातातून उडतो. पहिल्या, दुसऱ्या सिलेंडरला बाटलीतलं पाणी स्तब्ध. तिसऱ्याला हवा सोडली, आम्ही दोघं बाटलीत वाकून पाहत होतो. कितीतरी वेळाने एक बुडबुडा आला. छोटा. वर येऊन फुटला. मग पुन्हा काही नाही. मग एक.

‘बोल,’ काका म्हणाले.

हेड उतरवायची हकिगत मी लांबवत नाही. सीट, खड्डा, पाठ, सोलवटलेली बोटं, आणि प्रत्येक नळी कुठली ते लिहिलेल्या चिकटपट्ट्या. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे, इंजिन पूर्ण थंड असताना. हेड उचललं, गॅस्केट अलगद सोडवलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

तिसऱ्या सिलेंडरच्या भोवती स्टीलची गोल कडी. त्या कडीपासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत काजळीची एक रेघ गेली होती. आगकाडीएवढ्या जाडीची, कडेला फिकट होत गेलेली, पेन्सिलची रेघ बोटाने पुसल्यासारखी. जिथे पाणी असायला हवं त्या भोकाच्या ओठावर धुराची काळी कड. बाकी सगळा पत्रा नव्यासारखा. एवढ्या रेघेसाठी मी तीन महिने वही भरत होते.

हेडवर पोलादी सरळ पट्टी आडवी धरली, तिच्याखाली फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पानं सरकवून पाहिली. 0.05 मिलिमीटरचं जातं. 0.10 जातं. 0.15 अडतं. तिसऱ्या सिलेंडरच्या माथ्यावर हेड बसलं होतं, एका केसाहून कदाचित थोडं जास्त. माझ्या इंजिनाच्या पुस्तकात मर्यादा 0.05 आहे.

‘कधी तापली होती?’ काकांनी विचारलं.

मी म्हणाले, नाही तापली. चढावर तर लगेच थांबवली.

‘त्याच्या आधी.’

आणि मग आठवलं. गेल्या उन्हाळ्यात वाहतुकीत अडकलेली गाडी, रेडिएटरचा पंखा सुरू झाला नाही, काटा वर वर जात लाल पट्ट्याला टेकला. समोर शंभर मीटरवर वळण होतं. तिथे मोकळा रस्ता, वारा लागेल, होईल गार. मी थांबले नाही. ती शंभर मीटर पार व्हायला सात-आठ मिनिटं लागली. नंतर पंख्याच्या स्विचचं गंजलेलं कनेक्शन साफ केलं, पंखा फिरला, काटा उतरला, आणि तो प्रकार तिथेच संपला असं मी धरून चालले होते. वहीत त्याची नोंदसुद्धा नाही. अॅल्युमिनियमने ती ठेवली.

काकांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पट्टी पुसून खोक्यात ठेवली.

हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेलं, तडा आहे का ते दाबाखाली तपासून आलं. फेसिंगला मोजकाच थर काढता येतो, जास्त घासलं तर सिलेंडरमधली जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. माझ्या हेडला ते पहिल्यांदाच लागलं, म्हणून निभावलं. बोल्ट नवे, कारण हे आवळताना ताणून लांब होणारे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने कोरडी केली. तिथे पाणी किंवा ऑइल साचलेलं राहिलं, तर बोल्ट खाली येताना त्याला जायला वाट नसते आणि बिडाला चीर जाते. मग मध्यापासून बाहेर, आधी 40 न्यूटन-मीटर, मग 90 अंश, मग पुन्हा 90. शेवटच्या फेरीला बोल्ट कुरकुरतात, तो आवाज ऐकताना मी दर वेळी श्वास धरते. काका स्टुलावर बसून मोजत होते, माझा चुकला असता तो सहावा बोल्ट त्यांनी बोट दाखवून आधी घ्यायला लावला.

नव्या कूलंटमध्ये निम्मं शुद्ध केलेलं पाणी. हवा काढायला हीटर पूर्ण उघडा, नाक उंचावर, वरचा स्क्रू ढिला, बुडबुडे थांबेपर्यंत. मार्करची जुनी रेघ धुतली गेली होती. नवी ओढली.

दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या खाली. दोन बोटं! माझे हात गार पडले. राहिलेली हवा बाहेर पडली की पातळी पहिल्यांदा उतरतेच, हे मी इतरांना किती वेळा सांगितलं असेल. भरलं. तिसऱ्या दिवशी रेघेला. चौथ्या, पाचव्या दिवशी रेघेला. रविवारी मुद्दाम तोच चढ, तेवढंच सामान, तिसरा गिअर. हीटर पायाला पोळत होता, उन्हाळा असूनही मी तो बंद केला नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता सीट उलटी केली, खाली हात घातला आणि मग फोन लावला.

‘होज दाबलास?’

‘दाबला काका.’

‘आणि?’

‘मऊ.’

‘मग फोन कशाला केलास?’ म्हणाले, आणि ठेवला.